दवाखान्याचे दोन किलो

तिला सगळे उसवणकाकू म्हणायचे. कपडा हातात आला की तिचं पहिलं काम म्हणजे शिवण उसवणं, म्हणून. नवीन कपडे ती शिवत नसे. कमरेला घट्ट झालेल्या पँटी, खांद्यावरून उतरणारे कोट, थोरल्याचे धाकट्याला करायचे शर्ट, असलं सगळं मापात आणून द्यायची. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी मशीन, भिंतीला उभा आरसा आणि आरशासमोर एक बुटकं स्टूल. गिऱ्हाईक त्या स्टुलावर चढायचं आणि काकू तोंडात टाचण्या धरून त्याच्या पायाशी बसायची.

या धंद्यात तिला एक गोष्ट पक्की कळली होती. वजन कुणाचंच वाढत नाही, कापड आटतं. "काकू, एकदाच धुतली हो, आणि आटली बघा," असं म्हणत चांगली शहाणीसुरती माणसं पँट पुढे करायची आणि पोट आत ओढून, श्वास धरून स्टुलावर उभी राहायची. काकू हसत नसे. तोंडात टाचण्या असताना हसणं जिवावर बेतू शकतं. "आटतंच हे कापड," असं म्हणून ती कमरेत दोन बोटं सोडायची, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. गिऱ्हाइकांच्या या थापांचं तिला मनातून फार हसू यायचं. आपल्यावरही तशीच वेळ येईल, हे काही तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

नवरा रंगारी. आता काम सुटलं होतं, पण गल्लीतली अर्धी घरं त्याच्या हातची. शिडीच्या वरच्या पायरीवर एका हातात डबा, दुसऱ्या हातात ब्रश, आणि आधाराला काही नाही, असा तो तासन् तास उभा राहायचा. "धरायला तिसरा हात कुठून आणू?" असं वर विचारायचा. पण त्याचं खरं नाव होतं ते डाग बुजवण्यात. कुठे पोपडा निघाला, कुठे खिळा उपटला, की लोक त्यालाच बोलवायचे. मान एका अंगाला कलती करून तो जुन्या रंगाकडे बघत बसायचा, डब्यात थेंब थेंब रंग मिसळायचा, पुन्हा बघायचा. वाळल्यावर घरमालकालाही जोड सापडत नसे. ओल आलेल्या भिंतीला मात्र तो हात लावायचा नाही. "आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, मग मला बोलवा," असं सांगून सरळ सामान उचलायचा. बड्या बड्या लोकांच्या दारातून तो असा परत आला होता, आणि काकूला त्याचा अभिमान होता.

मग एके दिवशी, जो जिना तो आयुष्यभर शिडी खांद्यावर घेऊन चढला होता, त्याच जिन्यात त्याला श्वास पुरेना. तोंडाला फेस, ओठ निळे. काकूने शेजाऱ्याची गाडी थांबवून त्याला दवाखान्यात नेलं आणि मग कॉरिडॉरमधल्या लोखंडी बाकावर बसून राहिली. किती रात्री, ते तिला पुढे सांगता आलं नाही. पाठ मात्र त्यानंतर कधी पूर्वीसारखी सरळ झाली नाही.

घरी सोडताना डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. "हृदय थकलंय. पंप हळू चालतोय, त्यामुळे अंगात पाणी साचतं. ते साचायला लागलं की आधी काट्यावर कळतं, माणसाला मागाहून कळतं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर ते खाल्ल्याचं वजन नव्हे, ते पाणी. तेव्हा वाट बघायची नाही, तडक यायचं. या वेळी तुम्ही वेळेत आणलंत. पुढच्या वेळी उशीर झाला तर मी कसलीच खात्री देणार नाही."

रंगारी मान डोलावत होता. काकूने मात्र पदरी बांधून घ्यावं तसं ते वाक्य मनात घट्ट बांधून घेतलं. नवऱ्याचा जीव आता एका काट्यावर होता, आणि त्या काट्यावर नजर ठेवायचं काम तिचं होतं.

लेकीने वजनकाटा आणून दिला. बॅटरीची भानगड नको म्हणून जुन्या पद्धतीचा, तबकडी आणि लाल काट्याचा. निघताना दवाखान्यात वजन सत्तर भरलं होतं. घरी दुसऱ्या सकाळी काटा अडुसष्टवर थांबला. काकूने लगेच दवाखान्यातल्या सिस्टरला फोन लावला.

"सिस्टर, एका रात्रीत दोन किलो गेले! माणूस झिजतोय का काय?"

पलीकडून सिस्टर हसली. हसरी होती, पण कामाला चोख. "काकू, घाबरू नका. इथे काका बूट घालून उभे होते. वर स्वेटर, जाड पँट, खिशात किल्ल्या नि पाकीट. नाश्ता झालेला, चहा-पाणी झालेलं. सकाळपेक्षा माणूस दुपारी जडच भरतो. आणि दोन काटे एकमेकांशी तंतोतंत कधी जुळत नसतात. आमच्याशी तुलना करूच नका. रोज तोच काटा, तीच जागा, तीच वेळ. उठलं, लघवीला जाऊन आलं, की चहाच्या आधी, अंगावर कमीत कमी कपडे ठेवून. खाली टणक सपाट फरशी हवी. पायपुसण्यावर-सतरंजीवर ठेवलात तर काटा भलतंच दाखवेल. आकडा किती, याला महत्त्व नाही. तो हलतोय का, ते बघायचं. आणि रोज मला मेसेज करायचा."

त्या दिवसापासून घरात 'दवाखान्याचे दोन' हा शब्दच पडला. काही जास्तीचं झालं की ते दवाखान्याचे दोन. चहात साखर जास्त पडली, दवाखान्याचे दोन. लेक फोनवर जरा जास्त बोलली, तेही दवाखान्याचे दोन. आजारपणातून उठलेल्या घराला हसायला निमित्त लागतं, ते त्यांना मिळालं.

काट्याची जागा रंगाऱ्याने स्वतः ठरवली. सपाटी बघायची बुडबुड्याची लेव्हल काढून त्याने घरभर फरशा तपासल्या. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांची वर्दळ, स्वयंपाकघरात फरशी उचललेली. न्हाणीघरात सगळा उतार मोरीकडे, फक्त बेसिनशेजारचा तुकडा अगदी सपाट. काटा तिथे बसला. रोज सकाळी तो आत जायचा, दार लोटून घ्यायचा आणि थोड्या वेळाने आतून आवाज यायचा, "अडुसष्ट!"

काकू बाहेरून म्हणायची, "अडुसष्ट!" मेसेज जायचा. आतून गुणगुणणं आणि दाढीचा ब्रश वाडग्यात फिरल्याचा आवाज यायचा, आणि मग कुठे चहाचं आधण गॅसवर चढायचं. आकडा कानावर पडेपर्यंत काकूचा जीव टांगणीला लागलेला असे. आकडा आला की ती सैल व्हायची, दिवसभरासाठी. काट्यावर तिचा पुरा विश्वास बसला. काटा काही गिऱ्हाईक नव्हता, पोट आत ओढून उभा राहायला.

दिवस गेले. अडुसष्ट, अडुसष्ट, कधीतरी साडेअडुसष्ट, पुन्हा अडुसष्ट.

पण मधेच रंगारी रात्री खिडकीशी आरामखुर्चीत झोपायला लागला. "पलंगावर उकडतं," म्हणाला. त्या दिवसांत उकडावं असं काही नव्हतं. मग त्याने पायजमा आणून काकूच्या मशीनवर टाकला. "नाडी पुरत नाही गं, जरा सैल कर." काकूने शिवण उसवली, दोन बोटं सोडली आणि बोलून गेली, "हे कापडच आटणारं." मग बुटांच्या नाड्या सुटल्या राहायला लागल्या. "वाकायचा कंटाळा," तो म्हणाला. एकेक गोष्ट अशी की विचारलं तर उत्तर तयार. आणि रोज सकाळी वर अडुसष्टचा शिक्का. काकूच्या मनात काहीतरी टोचत होतं. कपड्यात राहून गेलेली टाचणी टोचते, पण शोधायला गेलं की सापडत नाही, तसं. ती सकाळच्या आकड्याची वाट बघायची, आकडा यायचा, आणि ती स्वतःची समजूत घालायची.

रक्त तपासायचा दिवस आला. रक्त उपाशीपोटी द्यायचं होतं, म्हणून चहासुद्धा न घेता दोघं निघाली. रक्त दिल्यावर सिस्टरने त्याला नेहमीप्रमाणे काट्यावर उभं केलं. तेच बूट, तोच स्वेटर, तीच पँट. समोरच्या चौकटीत आकडे फिरले आणि थांबले. त्र्याहत्तर.

सिस्टरने त्याला उतरायला लावलं आणि पुन्हा चढवलं. त्र्याहत्तर.

"घरी आज किती होतं?"

"अडुसष्ट," काकू म्हणाली. "मेसेज केलाय ना तुम्हाला."

"दवाखान्याचे दोन होते, त्यांचे पाच झाले," रंगारी म्हणाला. "इथे सगळंच वाढवून लावतात."

सिस्टर हसली नाही. आज पहिल्यांदाच हसली नाही. "दम लागतो का काका?"

"छे! जिना चढून आलो."

ती दोघं लिफ्टने आली होती. लिफ्टमध्येही तो कठड्याला टेकून उभा होता. काकूने तोंड उघडलं. तेवढ्यात त्याने तिच्याकडे बघितलं. चारचौघांत मला तोंडघशी पाडू नकोस, असं ते बघणं. काकूने तोंड मिटलं. त्या क्षणाचा तिला पुढे फार राग येत राहिला, त्याचा कमी आणि स्वतःचा जास्त.

सिस्टर विचारात पडली. "डॉक्टर दिवसभर ऑपरेशनमध्ये आहेत, उद्या सकाळी भेटतील. मला विचाराल तर आत्ताच इमर्जन्सीत बसा, कुणीतरी तपासेल."

"कशासाठी? माझा घरचा काटा अडुसष्ट म्हणतोय," रंगारी म्हणाला. "रोज तोच काटा, तीच जागा, तुम्हीच सांगितलंत. आमच्याशी तुलना करू नका, हेही तुम्हीच सांगितलंत."

सिस्टर काकूकडे बघायला लागली. तोही बघायला लागला. निर्णय येऊन तिच्या अंगावर पडला. एका बाजूला एक आकडा, दुसऱ्या बाजूला इतक्या सकाळींचे आकडे, स्वतःच्या कानांनी ऐकलेले.

"घरचा काटा रोज बरोबर दाखवतो," ती म्हणाली. "उद्या सकाळी पहिल्या नंबराला येतो."

सिस्टरला ते पटलं नव्हतं. "मग एक करा. काकू, तुम्ही चढा या काट्यावर. आहात तशाच, चपलांसकट." काकू चढली. एकोणसाठ. "आता घरी गेल्या गेल्या, काहीही न खाता-पिता, हेच कपडे, याच चपला, घरच्या काट्यावर उभ्या राहा. दोन्हींत किती फरक येतो तो मला कळवा. तुमचा काटा खरंच कमी दाखवत असेल तर तुम्हालाही कमी दाखवेल. आणि रात्री जरा जरी दम लागला तरी सकाळची वाट बघायची नाही."

घरी आल्यावर रंगारी खुर्चीत बसला आणि बुटांसकट डोळे मिटून पडला. काकू चपला न काढता न्हाणीघरात गेली आणि काट्यावर चढली. देवा, हा काटा बिघडलेला असू दे, असं ती मनात म्हणत होती. लाल काटा डुगडुगला आणि साडेअठ्ठावन्नवर थांबला.

फक्त अर्ध्या किलोचा फरक. म्हणजे घरचा काटा धड होता. दवाखान्याचाही धड होता.

काकूला धीर धरवेना. तिने नवऱ्याचा स्वेटर उतरवून घेतला, बूट ओढून काढले, पँट बदलायला लावली. खिशातल्या किल्ल्या, पाकीट, चष्म्याचं घर, सगळं गोळा करून तिने स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर एकेक करून ठेवलं. आयुष्य कपड्यांत गेलं, पण कपडे तिने कधी तोलले नव्हते. सगळं मिळून दीड किलो. त्यात काट्या-काट्यातला अर्धा धरला तर झाले दवाखान्याचे दोन. नाश्ता तर आज झालाच नव्हता. त्र्याहत्तरातून दोन गेले, राहिले एकाहत्तर. आणि घरी अडुसष्ट. तीन किलो माणूस दवाखान्यात होता आणि घरी नव्हता.

"अहो, उठा. एकदा काट्यावर उभे राहा."

"सकाळी," तो डोळे न उघडता म्हणाला. "उठल्यावर, चहाच्या आधी. नियम आहे."

"नियम गेला खड्ड्यात!"

"दमलोय गं. सकाळी बघू. उद्या जायचंच आहे ना."

त्याच्या घोट्यांवर मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ उमटला होता. काकूने त्यावर बोट फिरवलं. हे इलॅस्टिक फारच घट्ट, असं तिच्या मनात आलं, आणि ती जागच्या जागी थिजली. मनातला तो आवाज तिच्या ओळखीचा होता. स्टुलावर श्वास धरून उभ्या राहणाऱ्या सगळ्या गिऱ्हाइकांचा तो आवाज होता. ती रात्र तिने त्याच्या खुर्चीशेजारी बसून काढली, त्याचा श्वास मोजत. तो झोपला होता, पण झोपेतही कुणीतरी जिना चढावा तसा श्वास घेत होता.

उजाडलं. तो उठला, भिंतीला हात लावत न्हाणीघरात गेला, दार लोटलं. काकू रोज या वेळी गॅसपाशी असायची. आज ती दारापाशी गेली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने हे दार कधी न विचारता उघडलं नव्हतं. तिने बोटांनी ते हळूच ढकललं.

बेसिनवरच्या आरशात तो दिसला. बनियन आणि चड्डीवर, काट्यावर उभा. डावा हात बेसिनच्या काठावर, कोपर ताठ, तळवा दाबून धरलेला. मान एका अंगाला कलती. नजर खाली तबकडीवर. तो हात जरा दाबत होता, जरा सोडत होता, पुन्हा किंचित दाबत होता. काकूने हे बघणं हजारदा बघितलं होतं. जुन्या भिंतीच्या रंगाशी नवा रंग जुळवताना तो असाच बघायचा. लाल काटा सरकत सरकत कालच्या रेघेवर आला. तिथे त्याने हात स्थिर केला आणि तोंड उघडलं.

"अडु..."

"हात काढा," काकू म्हणाली.

तो दचकला. आरशात दोघांची नजर भिडली. हात तिथेच राहिला.

"अहो, हात काढा म्हणते ना."

त्याने हात उचलला. लाल काटा वर निघाला. एकोणसत्तर, सत्तर, एकाहत्तर. एकाहत्तरच्या पुढे जाऊन तो थरथरत उभा राहिला, आणि त्याच्याबरोबर काट्यावरचा माणूसही थरथरत होता. शिडीच्या टोकावर कशालाही न धरता उभा राहणारा माणूस जमिनीपासून चार बोटं उंचीवर झोकांड्या खात होता. काकूने धावत जाऊन त्याला काखेत धरलं. काटा पुन्हा झरकन खाली आला. तिने तेही बघितलं.

तिने त्याला कपडे धुवायच्या स्टुलावर बसवलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"चक्कर यायची गं काट्यावर. आधी नुसता आधाराला ठेवायचो हात. मग एक दिवस सत्तर दिसलं. जरा दाबला तर अडुसष्ट झालं. मी ओरडलो अडुसष्ट."

"आणि?"

"आणि तू बाहेरून म्हणालीस, अडुसष्ट." तो श्वास घ्यायला थांबला. "ते म्हणताना तुझा आवाज कसा मोकळा व्हायचा, तुला नाही माहीत. तो ऐकून मी दाढी करायचो. तुला पुन्हा त्या बाकावर बसवायचं नव्हतं मला."

काकूला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. दोन्ही एकदम बाहेर पडले. "डाग बुजवत होतात? मी काय घरमालकीण आहे, जोड दिसू नये म्हणून? लोकांच्या दारातून परत यायचात, ओल असेल तर हात लावणार नाही म्हणून! इथे आतून ओल चढतेय, आणि तुम्ही वरून रंग मारत बसलात!"

रंगाऱ्याने खाली आपल्या सुजलेल्या पावलांकडे बघितलं, आणि ती पावलं त्याने आज पहिल्यांदाच बघितली असावीत, असा त्याचा चेहरा झाला.

"मग आता बोलवायचं कुणाला?" त्याने हळूच विचारलं.

काकूने फोन उचलला. मेसेज नाही, फोनच लावला. "सिस्टर, एकाहत्तर," ती म्हणाली. "एकाहत्तरच्या वरच. काटा बरोबर आहे. पायाला सूज आहे, झोप बसून होते, दम लागतो. जिना नव्हते चढले, लिफ्टने आलो होतो आम्ही."

"निघा," सिस्टर म्हणाली. "मी खुर्ची घेऊन दारात थांबते."

दवाखान्यात त्याला तिथूनच आत नेलं. सुई लागली, औषध गेलं, नाकाला नळी लागली. काकू पुन्हा त्याच लोखंडी बाकावर बसली. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बघूनच ती उठून उभी राहिली. "फुप्फुसांपर्यंत पाणी पोचलं होतं," ते म्हणाले. "उतरतंय आता. पण असेच आणखी थोडे दिवस काढले असतेत, तर आपलं बोलणं वेगळं झालं असतं." ते आणखी रागावले असते तर काकूला बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत.

बाकावर बसल्या बसल्या तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. हात त्याने दाबला, हे खरं. पण दाबला तो तिच्या आवाजासाठी. रोज सकाळी दाराबाहेर उभी राहून, तोंडाने न बोलता, ती त्याच्याकडून अडुसष्टच मागत होती. गिऱ्हाइकांना 'कापड आटतं' असं सांगून खूश करणारी बाई ती, आणि तिच्या नवऱ्याने तिला तसंच खूश करून टाकलं होतं.

तो घरी आला तो हडकुळा होऊन, पण आडवं पडून झोपायला लागला. पायजम्याची नाडी पुन्हा लांब उरली. काकूने सोडलेली दोन बोटं परत आत घेतली.

काटा न्हाणीघरातून बाहेर आला. पुढच्या खोलीतली वर्दळ सकाळी नसतेच, हे आधी सुचलं नव्हतं, ते आता सुचलं. खोलीच्या मधोमध, आरशापासून दूर, मशीनपासून दूर, जिथे हात कुठेच पोचणार नाही अशा सपाट फरशीवर तो बसला. रंगाऱ्याने लेव्हल लावून खात्री केली. आता दार लोटायचं नाही, ओरडून सांगायचं नाही. तो चढायचा आणि काकू त्याच्या अगदी समोर उभी राहायची. दोन्ही हात पसरून, त्याच्या दोन्ही दंडांपासून बोटभर अंतरावर. लागू द्यायचे नाहीत. नुसतं बोट लागलं तरी काटा फसतो, हे दोघांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

सुरुवातीला तो डुलायचा आणि तिचे हात आपोआप पुढे जायचे. "नको," तो म्हणायचा. "थांबू दे आधी." ती हात तसेच हवेत धरून ठेवायची. आयुष्यात तिने कितीतरी अवघड मापं घेतली असतील, पण डोळ्यांसमोर आपला माणूस डुलत असताना त्याला न धरणं, यासारखं अवघड काम तिने कधी केलं नव्हतं.

बरेच दिवस अडुसष्ट निघालं, खरंखुरं. एका सकाळी तो काट्यावर उभा राहिला, लाल काटा हलला, पुढे गेला आणि थांबेना. रंगाऱ्याने वाकून बघितलं. त्याच्या डाव्या हाताची बोटं उघडली, मिटली. आजूबाजूला धरायला काही नव्हतं, समोर फक्त काकूचे हात होते. त्याने ते धरले नाहीत.

"साडेएकोणसत्तर," तो म्हणाला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

काकूने हात हवेत तसेच धरून ठेवले. तिने श्वास घेतला आणि ज्या आवाजात ती अडुसष्ट म्हणायची, अगदी त्याच मोकळ्या आवाजात म्हणाली, "साडेएकोणसत्तर. सिस्टरला कळवते."

मग तिने त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि खाली उतरवून घेतलं.